कुणाची गं तू?

सोनम वाईट नाही, हेच मला सहन होत नाही. वाईट असती तर चार शब्द सुनावून मी मोकळी झाले असते. ती माझी धाकटी जाऊ, बिद्रीकडची. गेल्या वर्षी लग्न होऊन आमच्या कसबा बावड्याच्या घरात आली आणि कानामागून येऊन तिखट झाली. मी हातकणंगल्याला बँकेत नोकरी करते. सकाळी जाते ती दिवेलागणीलाच परत येते. तोवर माझी तीन वर्षांची संयोगिता, आमची संयू, सोनमजवळ असते.

आणि सोनमजवळ राहून राहून ती सोनमच व्हायला लागली आहे. जेवायला बसते ती एक गुडघा उभा करून. हसली की तोंडावर हात. परवा बसमधून उतरून घरी येते, तर ही टीचभर पोरगी गोठ्याच्या दारात कमरेवर हात ठेवून म्हशीला दटावत होती, "ए भवाने, हल की मागं!" सासूबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या.

"दुसरी सोनमच हाय बघ," त्या मला म्हणाल्या.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पोटात मी वाढवली, नाक माझं, कुरळे केस माझे, आणि दुसरी कोण तर म्हणे सोनम!

पण खरं दुखणं वेगळंच. पोरगी मला 'वैनी' म्हणते. दीर वैनी म्हणतो, सोनम वैनी म्हणते, रतिबाचं दूध न्यायला येणाऱ्या बायका वैनी म्हणतात. तिनंही तेच उचललं. नवऱ्यापाशी तक्रार केली तर यशराज भाकरी मोडत म्हणाला, "मग? आमी न्हाय व्हय आईला काकी म्हणत? चुलत भावंडं म्हणायची, म्हणून आमीबी म्हणायचो. काय बिघडलं?"

त्याला ती 'दादा' म्हणते, धाकटा भाऊ म्हणतो म्हणून. तो त्यातच खूश. सोनमला मात्र ती नुसतं सोनम म्हणत नाही. 'माझी सोनम' म्हणते. माझी!

रविवारी सासऱ्यांच्या ओळखीचे एक पावणे आले. त्यांनी संयूला जवळ ओढली आणि आपल्याकडं लहान पोराला विचारतात तेच विचारलं, "कुणाची गं तू?"

मी चहा घेऊन समोरच उभी होते.

"सोनमची," संयू तिच्याकडं बोट करून म्हणाली.

पावण्यांनी सोनमकडं बघून मान डोलावली. "पोरगी आईच्याच वळणावर गेलीया की!"

सगळे हसले. सोनम लाजली आणि घाईघाईनं "न्हाय ओ, वैनींची हाय ती," म्हणाली. तिनं ते इतक्या चांगुलपणानं सांगितलं, की तो चहा तिच्याच डोक्यावर ओतावा असं मला वाटलं.

त्याच संध्याकाळी जेवताना मी जाहीर केलं, "उद्यापासून संयूसमोर मला कुणीही वैनी म्हणायचं नाही. आई म्हणायचं. सगळ्यांनी."

विश्वजित, माझा दीर, घास तोंडाशी धरून बघतच राहिला. "मीबी?"

"तुम्ही पण, भावजी."

मग आमच्या घरात तमाशा सुरू झाला. मिशीला पीळ देणारा विश्वजित खाली मान घालून म्हणायचा, "आई, जरा आमटी वाढा की." सासूबाई म्हणाल्या, "मलाबी म्हणाय लावतीस का काय, बाई?" सोनमनं मात्र जीव लावून केलं. मी आले की संयूला काखेत घेऊन दारात यायची, "आली बघ आपली आई!" मला त्यातलं 'आपली'सुद्धा खुपायचं. हळूहळू पोरगी आई म्हणू लागली. कधी आठवण करून दिल्यावर, कधी आपणहून. मी जिंकत होते.

एका शनिवारी बँकेला सुट्टी होती. बाजार करून परतले, तर आतून संयूचा आवाज आला, "आता मी आई. सोनम, तू संयू हो."

मी उंबऱ्याबाहेरच थांबले. म्हशीला दटावणारी सोनम झाली, भाकरी थापणारी सोनम झाली. आज पहिल्यांदा माझी पोर मी होणार होती. माझं काय काय उचललंय तिनं? माझं हसणं? झोपवताना मी गुणगुणते ते?

संयूनं सोनमची पिशवी खांद्याला अडकवली. फणी कानाला लावून म्हणाली, "हो सर, निघालेच." मला हसू फुटलं. अगदी मीच!

सोनम जमिनीवर फतकल मारून बसली आणि गळा काढून रडायला लागली, "आई, जाऊ नको की गं! आई!" पाय आपटणं, हुंदक्यात श्वास अडकणं, सगळं हुबेहूब. तिला ते येणारच, ती रोज बघते. माझी पोर माझ्यासाठी रडते, ते रडणंसुद्धा सोनमच्याच वाट्याला जातं. मला त्याचाही हेवा वाटला.

संयू खाली वाकली नाही. वरूनच सोनमच्या डोक्यावर एकदा हात ठेवला. "रडायचं नाही. सोनमजवळ राहायचं हं." आणि वळून भराभरा दाराकडं निघाली. मागं बघितलं नाही. मीही बघत नाही. बघितलं तर पाय निघत नाही आणि बस चुकते, पण हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं.

ती दाराशी आली. मी भाजीची पिशवी खाली टाकली आणि दोन्ही हात पसरले.

तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं.

"बाजूला हो वैनी," ती म्हणाली, "मला उशीर झालाय."

मी बाजूला झाले.