काळ्या पडद्यावरचा वाढदिवस

ज्या फोटोपायी चिंतामणीकाकांची बोटं मोडली, तो भार्गवीनं एकटीच्या हिमतीवर काढलेला पहिला फोटो. आणि खरं सांगायचं तर फोटो वाईट नव्हता.

नवी पेठेतल्या काकांच्या स्टुडिओत ती चार महिने शिकायला जात होती. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली, प्रकाशाचे नियम तोंडपाठ. पण माणसाच्या तोंडावर उजेड कसा पाडायचा, हे त्या पुस्तकांत कुठं होतं? पहिले पंधरा दिवस काकांनी समोर माणूस बसूच दिला नाही. स्टुलावर शेंडीचा नारळ ठेवायचे आणि म्हणायचे, "हं, ह्याला नाक आहे समज. नाकाची सावली ओठावर आली की माणूस चोर दिसतो. लाइट वर घे. अगं, एवढा नको! डोळ्यांच्या जागी खड्डे झाले बघ."

बालवाडी सुटली की तिची साडेतीन वर्षांची लेक इंदूही तिथंच. मग भार्गवीचा एक डोळा नारळावर, एक इंदूवर. वायरीत पाय अडकेल, स्टँड अंगावर पडेल, कुठल्या भोकात बोट घालेल.

"तुझा निम्मा जीव भिण्यातच जातो," काका म्हणायचे. "उरलेल्या निम्म्यात शीक."

काका एका लग्नाला वेळापूरला गेले, त्याच दिवशी सिद्धराम आला. भागातला दादा. कुणाचं दुकान चालायचं, कुणाच्या काचा फुटायच्या, ते तो ठरवायचा.

"वाढदिवसाच्या फ्लेक्सला फोटो पायजे. एकदम भारी काढा, मॅडम."

भार्गवी त्याच आठवड्यात एका लाइटचं काम शिकली होती. तिनं मागं काळा पडदा सोडला. लाइट डाव्या बाजूला, जरा उंच. अर्धा चेहरा उजेडात, अर्धा अंधारात, आणि अंधारातल्या गालावर उजेडाचा एवढासा त्रिकोण. तो दात काढायला लागला तशी ती म्हणाली, "हसू नका. असंच रोखून बघा."

सिद्धरामनं फोटो पाहिला आणि खूश झाला. "व्हय! ह्ये लई डेंजर हाय."

चूक कुणाच्याच ध्यानात आली नाही. वाढदिवसाचा फ्लेक्स म्हणजे भगवा-पिवळा रंग, गोरंपान हसरं तोंड, डोळ्यांवर गॉगल, आणि खाली टिकल्यांएवढ्या कार्यकर्त्यांची रांग. काळ्या पडद्यावर एकटाच माणूस, न हसलेला, आणि खाली तारीख, हा फ्लेक्स वेगळा असतो. तो दिसला की लोक गाडी हळू करतात, वरचं न वाचताच हात जोडतात. छपाईवाल्याला फोटो इतका आवडला, की त्यानं आजूबाजूला काही घातलंच नाही. खाली फक्त जन्मतारीख टाकली.

मंगळवारी सकाळी फ्लेक्स चौकात लागला. नऊच्या आत कुणीतरी मैंदर्गीला त्याच्या नातेवाइकांना फोन केला. अकराला तिथून बायकांनी भरलेली जीप आली, सगळ्यांच्या पुढं सिद्धरामची आत्या ईरम्मा ऊर बडवत. सिद्धराम तालमीत, फोन बंद. घराच्या दारात रडारड ऐकून त्याची आई मायाक्का बाहेर आली, काय झालं ते कळायच्या आत कोसळली, आणि उंबऱ्यावर डोकं फुटलं. सात टाके. तोवर चौकातल्या फ्लेक्सला कुणीतरी झेंडूचा हारही घातला होता. हार घालणारा कोण, ते सगळ्या भागाला ठाऊक होतं. पण त्याच्यामागं वीस पोरं होती. फोटोवाला एकटा होता.

लग्नाहून परतलेले काका स्टुडिओत खुर्चीत बसले होते, तेव्हा दोनच्या सुमाराला सिद्धराम आत आला. पांढरी पँट, पांढरा शर्ट, बाहीवर आईचं रक्त वाळलेलं. मागून त्याचा माणूस बिरप्पा आला, त्यानं शटर अर्ध्यावर ओढलं. इंदू पडद्यामागं खेळत होती. भार्गवीनं तिला नजरेनंच सांगितलं, हलू नकोस.

"जितंपणी मारलं मला," सिद्धराम हळू आवाजात म्हणाला. तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं. "माजी आत्या माज्या नावानं रडली. माजी आई दवाखान्यात हाय."

"फोटो मी काढला," भार्गवी म्हणाली. "काका नव्हते इथं."

"मला ठाव हाय. पण बाईमाणसाला हात लावत न्हाय आपण. तुला शिकवलं कुणी?"

"मी," काका म्हणाले, आणि खुर्चीतून उठले.

पहिला फटका कानाखाली बसला. चष्मा उडून भिंतीवर आपटला. दुसऱ्या फटक्याला काका टेबलावर आडवे झाले. बिरप्पानं त्यांच्या मानेवर कोपर रोवलं. सिद्धरामनं मोठ्या लाइटचा लोखंडी स्टँड उचलला, वरचा दिवा फरशीवर आपटून फोडला, आणि उरलेला दांडा हातात तोलला.

"कुटल्या हातानं शिकवतोस रं, म्हाताऱ्या?"

काकांचा उजवा पंजा टेबलावर सपाट दाबलेला होता. भार्गवी पुढं धावली, तिनं दांड्याला दोन्ही हातांनी मिठी मारली. सिद्धरामनं नुसता खांदा हलवला आणि ती कपाटावर जाऊन आदळली. दांडा खाली आला. मग परत आला. वाळल्या फांद्या मोडाव्यात तसा आवाज, आणि त्यावर काकांचा आवाज, तो माणसाचा वाटत नव्हता.

"आता गप," सिद्धराम म्हणाला. घाम पुसून तो स्टुलावर बसला. "मॅडम, परत काढा. हसरा. संध्याकाळच्या आत नवा फ्लेक्स लागला पायजे."

एकच छोटा लाइट शाबूत होता. भार्गवीनं तो उभा केला. तीनदा वायर निसटली.

"दादा, एक सांगू?" बिरप्पा म्हणाला. "मांडीवर ल्हान पोर घ्या की. माणूस लई प्रेमळ दिसतंय. म्हातारीला बी बरं वाटंल."

"कुटनं आणू पोर?"

बिरप्पानं पडदा बाजूला सारला. "ही काय हितंच!"

"ती नको," भार्गवी म्हणाली. "घाबरते ती."

"आमी काय खातो का तिला?" सिद्धरामनं हसत इंदूला उचललं आणि पांढऱ्या पँटीवर बसवलं. एक पंजा तिच्या दंडाभोवती. त्या पंज्याच्या पेरांवर काकांचं रक्त होतं. "हसव की तिला, मॅडम. आई हायस न्हवं?"

भार्गवीनं कॅमेरा डोळ्याला लावला. इंदू रडत नव्हती. तोंड मिटलेलं, डोळे आईवर, आणि दोन्ही गुडघे एकमेकांवर घट्ट दाबलेले. गुडघे तसे दाबले म्हणजे काय, हे जगात तिच्याशिवाय कुणालाच कळलं नसतं. फार तर एक मिनिट. आणि मग त्या पांढऱ्या पँटीवर...

"इंदू, इकडं बघ, राणी," ती म्हणाली आणि बटण दाबलं.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो उमटला. बालवाडीच्या पांढऱ्या फ्रॉकवर पडलेला उजेड खालून परतून सिद्धरामच्या तोंडावर गेला होता. डोळ्यांखालचे खड्डे भरले होते, जबडा मऊ झाला होता. नातीला खेळवणारा कुणी देवमाणूस बसावा तसा तो बसला होता. चार महिन्यांत असा उजेड तिच्या हातून एकदाही पडला नव्हता.

"बरा आला न्हवं?" बिरप्पा पुढं झाला.

"नाही," भार्गवी म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "पोरीला खाली उतरवा. फ्रॉक पांढरा आहे, त्याचा उजेड खालून हनुवटीला लागतोय."

"मग?"

"खालून उजेड आला की तोंड भुतासारखं दिसतं. सकाळी एकदा लोक रडले. आता परत तसलाच फोटो लावायचा का?"

सिद्धरामचं हसू मावळलं. खोलीत काकांचं कण्हणं तेवढं उरलं. एक क्षण तिला वाटलं, आता हा मलाही मारणार, बाईमाणूस असले तरी. अंगठा मात्र फोटो पुसायच्या बटणावर दोनदा दाबला गेला होता.

"घे तुजी पोरगी," त्यानं इंदूला ढकललंच. ती गुडघ्यांवर पडली, उठली, पडद्यामागं पळाली. दुसऱ्या क्षणी पडद्याखालून पाण्याचा ओघळ फरशीवर आला. भार्गवी एक पाऊल सरकून त्याच्यापुढं उभी राहिली.

"हं, हसा आता."

लाइट तिनं थेट समोरून मारला, कपाळावर, सपाट. ना सावली, ना गाल, ना डोळे. सोललेल्या अंड्याला दात फुटावेत तसा फोटो.

सिद्धरामनं कॅमेरा हातात घेऊन बराच वेळ निरखला. "ह्यो मी," तो समाधानानं म्हणाला. "किती गोरा आलोय बघ, बिरप्पा." फोटो मोबाइलवर घेऊन ते वाकून शटरखालून बाहेर गेले. मोटरसायकलचा आवाज विरला.

मग भार्गवीनं ओल्या इंदूला कडेवर घेतलं. तिच्या दंडावर चार लाल वळ होते आणि एक रक्ताचा ठसा, तो पदरानं पुसला. काका टेबलाच्या पायाला टेकून बसले होते, मोडलेला हात मांडीवर ठेवलेला, बोटं भलत्याच दिशांना. तिनं बांधायला काहीतरी कपडा शोधला, लेन्स पुसायचं पिवळं फडकं मिळालं, ते गुंडाळायला लागली. काका दात घट्ट आवळून बसले.

"पोरीबरोबरचा फोटो दाखव," ते म्हणाले.

"पुसला."

"चष्मा नव्हता, तरी मला इथून त्याचं तोंड दिसलं होतं. काय सुरेख उजेड पडला होता गं त्या फ्रॉकचा."

"हो."

"कळत होतं तुला. तरी भूत म्हणालीस?"

"तिला शू लागली होती, काका," भार्गवी म्हणाली आणि तिनं खांदा पुढं केला. "उठा. धरा मला. दवाखान्यात जायचंय."