थांबलेला मीटर

मित्रांनो, मी एक जुनी निळी गाडी आहे. सध्या गॅरेजच्या मागच्या भिंतीशी उभी आहे आणि माझं बॉनेट सताड उघडं आहे. लाज वाटते, पण करणार काय!

नवी कोरी असताना मला एका चष्मेवाल्या गृहस्थांनी घरी आणलं. ते शाळाशाळांत जाऊन मुलांचे डोळे तपासत. अक्षरांचा मोठा तक्ता माझ्या मागच्या सीटवर ऐसपैस पसरायचा. तीस वर्षं त्यांनी माझ्या स्टिअरिंगला दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही. आता सगळे त्यांना आजोबा म्हणतात.

माझ्या इंजिनात एक रबरी पट्टा होता, टायमिंग बेल्ट. आतले भाग त्याच्यामुळे एका तालात फिरतात. तो किती किलोमीटरला बदलायचा, हे मेकॅनिकने चिठ्ठीवर लिहून बॉनेटखाली चिकटवलं होतं. आजोबा दर रविवारी चिठ्ठी वाचत, मग मीटर बघत आणि खुशीत म्हणत, "अजून पुष्कळ अवकाश आहे." मीटर दोन वर्षांपूर्वीच बंद पडला होता. मला ते कळत होतं, पण गाडीला बोलता कुठे येतं?

परवा भर चौकात पट्टा तुटला आणि मी जागच्या जागी बंद पडले.

"व्हॉल्व्ह वाकलेत," मेकॅनिक म्हणाला. "सगळं इंजिन खोलावं लागेल. नाहीतर भंगारात द्या. काय करायचं, आजोबा?"

"पण मीटर तर पुढे गेलाच नाही!"

त्यांना न्यायला आलेली त्यांची लेक हळूच म्हणाली, "बाबा, तो बंद आहे. मी दोनदा सांगितलं होतं तुम्हाला."

"मला? कधी?"

मेकॅनिक उगाच हात पुसत राहिला. मी दुरुस्त झाले तर आजोबा पुन्हा गाडी चालवणार होते, नाहीतर कायमचं थांबणार होते. माझा जीव टांगणीला लागला.

"राहू दे," आजोबा शेवटी म्हणाले. "आज मीटर विसरलो, उद्या सिग्नल विसरेन. रस्त्यावर लेकरं असतात."

त्यांनी माझी किल्ली मेकॅनिकला देऊन टाकली. मग सवयीने लेकीच्या गाडीचा चालकाच्या बाजूचा दरवाजा उघडला. क्षणभर तिथेच उभे राहिले आणि वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेले. मला फार वाईट वाटलं.

मित्रांनो, माझे सुटे भाग आता दुसऱ्या गाड्यांना लागतील, त्याचं काही नाही. पण तुमच्या घरात कुणी विसरायला लागलं असेल, तर दोनदा सांगून थांबू नका. जवळ बसा आणि न चिडता तिसऱ्यांदा सांगा. आमच्या घरी तेवढं राहून गेलं.