रोटाची मूठ

शनिवारी सकाळी अकरा वाजता धुळ्याच्या देवपुरातल्या एका महाविद्यालयात प्रा. कामिनी पाटील यांनी एका अमेरिकन कादंबरीतली प्रतीकं शिकवली. नायिका काळी स्वयंपाकीण. गोऱ्यांच्या घरी ती रोज पाव भाजते आणि मागच्या पायरीवर बसून जेवते. शेवटच्या प्रकरणात तोच पाव घेऊन ती त्यांच्या टेबलाशी येऊन बसते.

“मॅडम, ‘पाव म्हणजे समानता’ एवढं लिहिलं तर मार्क मिळतील?” कुंदनने विचारलं. वर्ग हसला.

“मिळतील. पण लिहून झालं की आपापल्या घरात पाहा, कोण कुठे बसतं.”

मागच्या बाकावर त्यांची सून मोहिनी होती. याच वर्गात शिकलेली, आता पोस्टात नोकरीला. सुटी काढून आली होती. मोहिनी बौद्ध कुटुंबातली. ललितशी तिचं लग्न कामिनीबाईंनीच भाऊबंदांचा विरोध पत्करून लावून दिलं होतं.

श्रावणात घरोघर बसणारी खानदेशची देवी कानबाई आजवर अमळनेरला, कामिनीबाईंच्या सासूबाई भिकुबाईंकडे बसे. मोहिनी तिथे कधी गेली नव्हती. यंदा भिकुबाई थकल्या, म्हणून कानबाई धुळ्याला आली. त्याच संध्याकाळी भिकुबाईंनी देवीच्या प्रसादाच्या रोटाचे गहू मोजायला घेतले. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ.

“आजी, माझी मूठ?” मोहिनीच्या लेकीने, आर्वीने परातीत हात घातला.

“तुन्हा बापनी झाई, आजानी झाई. पोरीस्नी मूठ ऱ्हास नही, माय.” भिकुबाई हसल्या. मोहिनी गहू निवडायला पुढे सरकली, तसं हसू गेलं. “तू ऱ्हाऊ दे. रोट भाऊबंदकीना शे. कामिनी, हिले दुसरं काहीबी करी दे.”

“आजी, जाऊ दे ना,” ललित मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला.

मोहिनीने सासूकडे पाहिलं. कामिनीबाई म्हणाल्या, “आजींचं वय झालंय गं. दोन दिवसांचा प्रश्न आहे.”

रविवारी कानबाई बसली. आरती झाली, पानं वाढली. सगळ्यांच्या ताटात रोट आणि खीर. मोहिनीच्या ताटात पोळी. ती कामिनीबाईंनी स्वतः वेगळ्या कणकेची लाटली होती.

आर्वीने आपला रोट मोडला, अर्धा आईच्या ताटात टाकला. भिकुबाईंनी हात लांब करून तो उचलून घेतला.

मोहिनी उठली. लग्नानंतर तिने सासूला कधी ‘मॅडम’ म्हटलं नव्हतं.

“मॅडम, तो पाव कशाचं प्रतीक होता? मी विसरले.”

“वाढा ना, खीर गार व्हई ऱ्हायनी,” भिकुबाई म्हणाल्या, आणि कामिनीबाईंनी खीर वाढली.

सोमवारी पांझरा नदीवर विसर्जन झालं. मोहिनी आर्वीला घेऊन बोदवडला माहेरी गेली.

कामिनीबाईंनी आपल्या ताटातला रोट खाल्लेला नाही. तो पौर्णिमेच्या आत घरातच संपवायचा असतो, भाऊबंदांबाहेर जाऊ द्यायचा नसतो. भिकुबाई येता-जाता विचारतात, “खाधा का?”

आज सकाळी कामिनीबाईंनी तो डब्यात भरला आणि बोदवडच्या गाडीची चौकशी केली. गाडी दुपारची होती. गाडी सुटून गेली. डबा ओट्यावर आहे.