उगाच आलेली पाहुणी

पौषातली सकाळ. शाळूच्या डुलत्या कणसांवर दवाची झिलई, दवावर कोवळं सोनेरी ऊन, आणि त्या उन्हात न्हालेला एक नागमोडी, आळसावलेला, कुठंच पोचायची घाई नसलेला रस्ता. अहाहा! त्या रस्त्यावरून लाल एसटी खडखडत चालली होती आणि खिडकीशी कुमुदताई बसल्या होत्या.

जन्मभर त्या हिंडल्या, पण कारणाचं बोट धरून. बारशाला गेल्या, बाळंतपणाला गेल्या, लग्नाला गेल्या, दहाव्याला गेल्या. पाय त्यांचे, वाट मात्र कुणाच्या तरी कार्याची. हिंडण्यासाठी हिंडणं, ते वारं प्यायलेलं निर्हेतुक सुख, त्यांनी नुसतं खिडकीतून पाहिलं होतं.

आज पर्समध्ये 'आवडेल तेथे प्रवास'चा पास होता आणि मनात एकच हट्ट: बिनकारण उतरायचं, आणि कुणी विचारलं तर थाप मारायची नाही. आज जमलं नाही तर या जन्मी जमायचं नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

करडईचं फुललेलं रान दिसलं. पीतवर्णी, काटेरी, हसरी फुलं! "थांबवा हो!" कुमुदताई ओरडल्या.

"बाई, हितं तर काहीच न्हाई," कंडक्टर म्हणाला.

"म्हणूनच तर!"

गावाच्या तोंडाशी हौसाबाई अंगण झाडत होत्या. "कुणाकडं आलाव?"

"कुणाकडंच नाही."

"मग काय काम काढलं?"

"काही नाही."

चांगली इरकल नेसलेली, घरं न्याहाळत चाललेली अनोळखी बाई, आणि म्हणे काम नाही! हौसाबाईंनी काय ते ताडलं. मुलाकडची माणसं अशीच न कळवता घर बघून जातात. आणि त्यांची केशर लग्नाची होती.

झालं! सतरंजी अंथरली गेली, पोहे परतले गेले, शिऱ्याचा खमंग दरवळ अंगणभर झाला. "अहो, ऐका तरी..." "आधी च्या घ्या!" आणि डोक्यावर पदर, हातात बशी, श्वास कोंडलेली केशर समोर येऊन उभी राहिली. नतनयना, भयचकिता. बशीतला चमचा किणकिण वाजत होता.

'छान आहे हो मुलगी' एवढं म्हटलं असतं तरी वेळ निभावली असती. पण तो चमचा ऐकून कुमुदताईंचा जीव कळवळला.

"बस गं बाळ. मला मुलगाच नाही. मी नुसती हिंडायला आलेय. उगाच."

केशरच्या डोक्यावरचा पदर घसरला.

"उगाच?" ती म्हणाली. "बाईमाणसाला उगाच येता येतं?"

"मलाही आजच कळलं, बाई!"

आधी केशर हसली. मग कपाळावर हात मारत हौसाबाई हसल्या. "अगं बया! आन् मी शिऱ्यात एवढं तूप वतलं की!"

मग काय विचारता! केशरनं ताईंचा हात धरला आणि दोघी रानात शिरल्या. या बांधावरून त्या बांधावर, पाटाच्या पाण्यात पाय, आगटीतल्या हुरड्याचा धूर केसांत. कुठं चाललोय हे दोघींनाही ठाऊक नव्हतं. ताईंना इतका आनंद कधी झाला नव्हता.

उन्हं कलली. हौसाबाईंनी ओटी भरली. "गाव इचारंल, पाव्हणी कशाला आलती. काय सांगू?"

"सांगा, उगाच!"

फाट्यापर्यंत केशर पोचवायला आली. एसटी हलली, ताईंनी खिडकीतून मागं वळून पाहिलं. घराची वाट उजवीकडं होती. केशर क्षणभर थबकली, आणि डावीकडं वळली. करडईच्या पिवळ्या वाटेनं, वाऱ्यावर पदर सोडून, स्वतःशी गुणगुणत, कुठंही न जाता, ती चालत राहिली, चालत राहिली.