पिंपातलं पाणी

भाचीने वाटीतली कॉफी चमच्याने सुर्रकन ओढली आणि लगेच थुंकली.

"मावशी, आंबलीय. कुजकट वास येतोय."

आमच्या चोवीस घरांच्या कॉफी-सोसायटीत चव तपासायचं काम तिचं. खास कॉफी घेणाऱ्या व्यापाऱ्याकडे नमुना पाठवायला तीन आठवडे उरले होते. तो नापास झाला तर वर्षाचं पीक साध्या कॉफीच्या भावात जाणार होतं.

दुपारी सगळे गोदामात जमले. चोवीस घरांची फळं आम्ही एकाच टाकीत टाकतो, त्यामुळे खोट कुणाची ते बघून कळत नाही. पण बोट दाखवायला माणूस लागतोच. ते माझ्या धाकट्या दिरांकडे वळलं. त्यांचा मळा आडोशाला, फळं उशिरा पिकतात.

"कच्ची-पिकली सरमिसळ आणली असणार," अध्यक्ष म्हणाले. "यांचं नाव कमी करा."

"एक हिरवं फळ दाखवा!" भावजी उसळले. "आमची ही एकेक फळ पुसून टोपलीत टाकते."

"पुसते, की त्यात तोंड बघते?" कुणीतरी म्हणालं. हशा पिकला. भावजी हसले नाहीत. त्यांच्याकडे ना सोलायचं यंत्र, ना टाकी. सोसायटीतून नाव गेलं की फळं झाडाखालीच सडणार.

मी मागे गोणीवर बसले होते. एकोणीस वर्षं टाकी माझ्याकडे आहे. सोललेल्या बिया टाकीत भिजवायच्या, वरचा चिकटा सुटला की धुवायच्या. पाणी झऱ्यावरून डोक्यावर आणायचं. इतक्या कष्टाने आणलेलं पाणी ओतून द्यायला माझा जीव होत नाही. धुवणाचं पाणी मी पिंपात राखून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशीच्या बिया त्यातच भिजवायची. आजवर थंडीत खपून गेलं. यंदा ऊन कडक होतं. तिसऱ्या दिवशी पाण्याला फेस आला, तो मी काढून टाकला आणि टाकीच्या वहीत माझ्या वेड्यावाकड्या अक्षरात रोजच्यासारखं लिहिलं : पाणी ताजं.

गप्प बसले असते तर कुणाला पत्ताही लागला नसता.

मी उठले. "भावजींच्या फळांत काही खोट नाही. मी शिळं पाणी वापरलं."

"वहिनी, मला वाचवायला काहीतरी बोलू नका."

"वाचवत नाहीये. पिंप अजून भरलेलं आहे. झाकण काढा आणि नाक घाला."

भाचीने झाकण उचललं आणि लगेच आपटलं. "हाच वास."

भावजींचा चेहरा पार बदलला. "म्हणजे इतका वेळ मागे बसून ऐकत होतात?"

ते निघून गेले.

"टाकी दुसऱ्या कुणाला तरी देऊ," अध्यक्ष म्हणाले.

"द्या. पण या नमुन्यानंतर. घाण मी केली, मीच निस्तरणार."

झाडांवर शेवटची तोडणी बाकी होती. मी टाकी घासली, उन्हात तापवली, पुन्हा घासली. मग हंडे उचलले. सून म्हणाली, "आई, मी आणते पाणी. सदुसष्ट वर्षांच्या आहात."

"तू जाळ्यांवर वाळणाऱ्या बिया हलव. पाणी माझ्याकडे."

मान आखडली, गुडघे बोंबलले. बिया तीन पाण्यांत धुतल्या आणि तिन्ही वेळचं पाणी ओतून दिलं.

भावजींनीही फळं आणली. सगळी लालबुंद. टोपली रिकामी केली. मी तांब्या पुढे केला.

"ताजं आहे ना?" त्यांनी विचारलं.

"आत्ताच आणलंय."

ते एक घोट प्यायले आणि गेले.

बिया अकरा दिवस वाळल्या. भाचीने पाच वाट्या मांडल्या, पाची चाखल्या आणि एकही थुंकली नाही. नमुना गेला, पासही झाला. शेवटच्या तोडणीचा माल वाचला. आधीच्या गोण्या साध्या कॉफीतच गेल्या, त्याला इलाज नव्हता. टाकी माझ्या जावेकडे, भावजींच्या बायकोकडे दिली. पाण्याला तिचा हात उधळा आहे, तोच हवा होता.

आता भावजींच्या मळ्यात छाटणी चालू आहे. मला कुणी बोलावलेलं नाही. मी सकाळी कोयता घेऊन जाते आणि एका ओळीला लागते. पहिल्या दिवशी भावजी म्हणाले, "ही ओळ झालीय."

मी पुढच्या ओळीला लागले.