पिंडीवरचा बेल

मल्लिकार्जुन सोलापुराहून मॅट्रिक होऊन आपल्या गावी, ईटला परतला, तो एक इंग्रजी शब्द तोंडात घोळवतच. रेबल! गोरोबा कुंभाराच्या चाकाजवळ पोतं टाकून बसायचा आणि दिसेल त्याला तो शब्द चिकटवायचा. गोरोबाचे केस बसत नाहीत, ते रेबल. शेळी दावं तोडून पळाली, ती रेबल. गोरोबाच्या बायकोनं, तारामतीनं, चहात गूळ कमी टाकला, तर वहिनीसुद्धा रेबल!

"म्हंजे काय रं, मल्लू?" गोरोबानं एकदा विचारलंच.

"म्हंजे बागी. सरकारावर उठलेला. पर साहेबलोक घरातल्या पोरालाबी लाडानं तसंच म्हणत्यात. पोट बिघडलं तरी म्हणत्यात, पोटानं बंड केलं. लई हलका शब्द हाय त्यांच्यात."

"साहेबाचं काय जातंय?" तारामती भाकरी थापता थापता म्हणाली. "त्याला कोण धरून न्हेणार हाय?"

गोरोबा मात्र खो खो हसला. मल्लू लिंगायत वाण्याचा आणि हा कुंभाराचा, पण दोघं एकाच विहिरीत पोहायला शिकलेले. मल्लू भूमच्या तहसील कचेरीत कारकून लागला, तेव्हा त्याच्या बापाआधी गोरोबानं गावात गूळ वाटला होता. एवढा जीव!

गोरोबाच्या घराण्याची एक रीत होती. शिवरात्रीला चाक धुवायचं, त्यावर ओल्या मातीची पिंड घालायची आणि पाच दिवस चाकाला हात लावायचा नाही. जग बुडालं तरी नाही. पिंडीवर पहिला बेल घालायचा मान मल्लूचा. मिसरूडही फुटलं नव्हतं, तेव्हापासूनचा.

निजामाच्या रझाकारांनी मुलूख नासवला होता, त्या वर्षी नेमक्या शिवरात्रीलाच हुकूम आला. तहसीलदाराचा तळ गावाबाहेर पडतोय, दोन दिवसांत चाळीस घागरी पाहिजेत. फुकट, हे काय सांगायला पाहिजे? घरात आठ घागरी होत्या, त्या गोरोबानं मुकाट्यानं देऊन टाकल्या. राहिलेल्या पाच दिवसांनी देतो म्हणाला.

मल्लूनं तेव्हा नुकताच पिंडीवर बेल घातला होता. तळाच्या सामानाची जबाबदारी त्याच्याच गळ्यात होती. "तू घोर करू नगं," तो म्हणाला. "चाकावर देव बसलाय, असं म्या रिपोर्टात लिवतो." गळ्यातलं लिंग मुठीत धरून त्यानं शपथ घेतली. लिंग हातात घेऊन कुणी खोटं बोलतं का? गोरोबा त्या रात्री घोरत झोपला.

तिसऱ्या दिवशी बंदूकवाले आले आणि त्याला तंबूत घेऊन गेले. तहसीलदार लालबुंद झाला होता. शेजारी मल्लू दौत-टाक घेऊन बसला होता. त्याला बघून गोरोबाला हायसं वाटलं.

"या मुन्शीनं लिहून दिलंय," तहसीलदारानं कागद वाचला. "कुंभारानं सरकारी हुकूम धुडकावला. हा इसम बागी आहे."

गोरोबाला वाटलं, वाचण्यात चूक झाली. "मल्लू, सांग की लेका! पिंडीवर बेल कुणी घातला?"

मल्लूनं दौतीवरून नजर वर केली नाही. "हुजूर, मला काही माहीत नाही."

बत्तीस घागरी कमी पडल्या होत्या. कुणाची तरी मान जाणार होती आणि मल्लूनं आपली वाचवली होती. बंदुकीचं गोरोबाला काही वाटलं नाही. पण मल्लूचं ते वाक्य ऐकून त्यानं आपणहूनच दोन्ही हात शिपायांपुढं केले.

शिपायांनी पिंड खरवडून टाकली, लाकडी चाक फोडलं आणि तळावरच्या चुलीला घातलं. गोरोबाला वर्षाची सजा झाली. उस्मानाबादच्या तुरुंगाकडं चालवलं, तेव्हा मल्लू चार पावलं बरोबर आला. "मनाला लावून घेऊ नगं," तो पुटपुटला. "नुसता शब्द हाय रं. तुला म्या रोज म्हणतच हुतो की."

भादव्यात निजामाचं राज्य गेलं आणि तुरुंगाची दारं उघडली. हाडांचा सापळा झालेला गोरोबा ईटच्या वेशीत आला, तर मारुतीपुढं ही गर्दी! चौथऱ्यावर पांढरी टोपी घालून कोण उभं असावं? मल्लू! त्यानं गोरोबाला हाताला धरून वर ओढलं आणि गळ्यात हार घातला.

"हा आपल्या गावचा बागी!" तो ओरडला. "आन् निजामाच्या कागदावर ह्याला बागी लिवायची छाती माझ्या एकट्याची झाली!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. गर्दीत तारामती पदर तोंडात कोंबून उभी होती. गोरोबानं हार काढून मल्लूच्या हातात दिला.

"म्या कवाच बागी न्हवतो, मल्लू. म्या देवासाठी चाक थांबवलं हुतं. आन् ते तुला ठाव हुतं. बेल तू घातला हुतास."

लोकांना वाटलं, गडी भाषण करतोय. त्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या, आणि सगळ्यात जोरात मल्लूनं.