डावीकडची सीट

क्लाइव्ह अ‍ॅकरॉइड माणूस वाईट नव्हता, पण गाडीचा विषय निघाला की त्याला दुसऱ्याचं ऐकूच यायचं नाही. लाल, दोन सीटांची, उघड्या टपाची ती स्पोर्ट्स कार पासष्ट साली बनलेली. लग्नाच्या वाढदिवसाला तिच्यातून समुद्रकाठच्या व्हिटबी गावाला जायचं आणि बंदरावर तळलेला मासा खायचा, हा नवरा-बायकोचा अडतीस वर्षांचा नेम. यंदा मात्र डोरीननं साफ सांगितलं, "मी नाही त्या गाडीत बसणार. फार आदळते. तू जा एकटा."

एकटा! डोरीन शेजारी नसेल तर व्हिटबीला जाऊन करायचं काय?

मग काय, आठवडाभर स्वारी गाडीखाली. स्प्रिंगा नव्या घातल्या, शॉकअब्सॉर्बर बदलले, टायरमधली हवा तीनतीनदा बघितली. दर वेळी एकटाच गावाला फेरी मारून यायचा आणि ओरडायचा, "लोण्यासारखी चालते!" डोरीन आपली कपडे वाळत घालायची. गेली दोन वर्षंही ती 'आदळते' म्हणाली, की त्यानं हेच केलं होतं.

वाढदिवसाच्या सकाळी तिनं कोट चढवला आणि हात पुढे केला. "किल्ली दे. मी चालवते, तू बस डावीकडे."

"तू? अगं, हिचा गियर फार हट्टी आहे."

"हट्टाचं मला सांगतोस? तुझ्याबरोबर अडतीस वर्षं काढलीत!"

आता खरं सांगायचं तर स्वतःच्या गाडीत हा पठ्ठ्या डावीकडे कधी बसलाच नव्हता. गावाबाहेरच्या पहिल्याच खड्ड्यात त्याला गचका बसला. पुढे माळावर, मेंढ्या अडवायला रस्त्यातल्या चरावर आडवे लोखंडी दांडे बसवलेत, त्यांच्यावरून गाडी गेली आणि त्याच्या माकडहाडातून कळ थेट डोक्यात गेली.

"आई गं! हळू की जरा!"

"तू नेतोस त्याच वेगानं नेतेय."

"थांबव, थांबव!"

खाली उतरून त्यानं सीटची गादी उचलली. गादीला तोलून धरणारे रबरी पट्टे एक सोडून सगळे तुटलेले. खाली नुसता लोखंडी पत्रा, आणि पत्र्यावर चार घड्या करून ठेवलेली डोरीनची राखाडी शाल. घासून तिला भोकं पडली होती.

"ही कधीपासून इथे आहे?"

"तीन वर्षं झाली."

"मग मला सांगायचं नाही?"

"सांगितलं की. दर वर्षी सांगितलं. तू दर वर्षी स्प्रिंगा बदलल्यास."

क्लाइव्हला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "परत फिरू या," तो कसाबसा म्हणाला. "पट्टे मागवतो. पुढच्या रविवारी जाऊ."

"छे! आता काय परत? मला मासा खायचाय." डोरीननं शाल झटकली, पुन्हा घडी घालून पत्र्यावर ठेवली, वर गादी दाबली. "बस."

तो परत डावीकडे बसला. वाऱ्यानं तिचे पांढरे केस उडत होते आणि ते हट्टी गियर ती असे टाकत होती, की त्याला टोकायला काही सापडेना. मोठी छान दिसत होती.

पुढे पुन्हा लोखंडी दांडे दिसले. क्लाइव्हनं डोळे मिटून दार घट्ट धरलं. काहीच झालं नाही. त्यानं डोळे उघडले, तर डोरीननं गाडी माणसाच्या चालीवर आणली होती आणि एकेक चाक अलगद पलीकडे नेत होती.

अडतीस वर्षांत त्यानं तिच्यासाठी असं एकदाही केलं नव्हतं.